कडेची नजर

रांगेत उभेच आहात, तर एक गोष्ट ऐका. मागल्या वर्षी टेक्ससच्या ह्याच माळावर, वेंडेलच्या ह्याच मोठ्या दुर्बिणीच्या शिडीवर म्हातारा हॉलिस चढला होता. तुम्ही आता बघणार आहात ती फिकट दीर्घिका त्या रात्री दिसली नाही, तर घरची दुर्बीण विकून टाकायची, असं त्यानं ठरवलेलं.

“दिसली का?”

“नाही रे, वेंडेल. डोळ्यांची मधली नजर गेली. लोरेटाचं तोंडसुद्धा दिसत नाही.”

“मग सरळ बघतोस कशाला, शहाण्या? अंधूक असेल ते डोळ्याच्या कडेनं बघा, हे तूच शिकवलंस ना आम्हाला?”

“थांब जरा. आहे. धुराच्या डागासारखी आहे.”

खालून त्याची बायको लोरेटा म्हणाली, “आता उतर, आणि माझ्याकडंही तसंच बघ.”

आज शिडीवर तोच आहे. तेवढी विजेरी विझवा.