खोकं दारापर्यंत

मासेमारीचा गळ घ्यायला मी शिकारीच्या सामानाच्या दुकानात रांगेत होतो. बंदुका शेजारच्याच काचेच्या कपाटात, किल्ली विक्रेती शेल्बीच्या कमरेला. माझ्यापुढे वर्नाकाकू.

"शेल्बी, आमचे हे आले तर बंदूक विकू नकोस गं."

"हरणांची बाजू घेताय होय, काकू?"

"थट्टा नको. लेक गेल्यापासून जेवत नाहीत. शिकारीचं कुत्रंसुद्धा काल शेजाऱ्यांना देऊन टाकलं. मला भीती वाटते, ते स्वतःलाच..."

"काकू, ते सकाळीच येऊन गेले."

"आणि तू दिलीस?"

"पोलीस नोंदींच्या तपासणीत नाव साफ निघालं. दुकानाच्या नियमाप्रमाणे बंदुकीचं खोकं मीच दारापर्यंत पोचवलं. भरपूर शिकार मिळू दे, म्हटलं."

"काय म्हणाले?"

"नुसते हसले. काकू, फोन लावा ना त्यांना!"

"केव्हाची लावतेय गं."