साहेबांविषयी चार चांगल्या ओळी

वकील : ...आणि क्षमा केली असं कुठेही लिहायचं नाही, ताई. फक्त माणूस म्हणून साहेब कसे, एवढंच.

टायपिस्ट : ताई नको. ऑफिसात मला बाई म्हणतात.

वकील : बाई तर बाई. दोषी तर ते ठरलेच. आता सोमवारी शिक्षा ठरेल, सहा महिने की सात वर्षं. अशा वेळी तुमचं पत्र म्हणजे... मयताची सख्खी बहीण आणि साहेबांची टायपिस्ट, दोघींची एकच सही!

टायपिस्ट : एका तिकिटात दोन खेळ.

वकील : तसं नाही हो. कायद्यात याला शिक्षा सौम्य करणारी परिस्थिती म्हणतात.

टायपिस्ट : ठाऊक आहे. आमच्याही दारावर पाटी आहे, आपत्ती सौम्यीकरण कक्ष. दरड कोसळणार हे धरून चालायचं आणि खालची माणसं वाचवायची. तुमच्याकडे खालची माणसं गेल्यावर साहेबांना वाचवतात. बाकी काम तेच.

वकील : टोमणा पोचला. पण एका दिवसात महिन्याचा पाऊस पडला, बाई. हवामानच बदललंय. त्याला साहेब काय करणार?

टायपिस्ट : ते अहवालात होतं, पान सातवर. पाऊस वाढत जाणार, दरडीच्या पोटातलं पाणी काढा, पायथ्याच्या पंपघरातली माणसं हलवा. मीच टाइप केलं. पंपघरात माझा धाकटा भाऊ होता.

वकील : अहो, तोच तर आमचा मुद्दा. टेबलावर दोनशे फायली. साहेबांनी अहवाल न वाचताच सही केली. चूकच, पण थकलेल्या माणसाची.

टायपिस्ट : ऐकलं. कोर्टात मागच्या बाकावर बसले होते मी. छान बोललात.

वकील : मग द्याल ना? मनापासून लिहा. खरं तेच लिहा.

टायपिस्ट : कालच लिहून ठेवलंय. घ्या.

(वकील मोठ्याने वाचू लागतो.)

वकील : "साहेबांच्या हाताखाली मी बावीस वर्षं काम केलं. इतका काटेकोर माणूस मी दुसरा पाहिला नाही." वा! "न वाचता त्यांनी एकाही कागदावर सही केली नाही. शिपायाच्या रजेच्या अर्जातले स्वल्पविरामसुद्धा ते दुरुस्त करत." बाई, हे जरा... "उदाहरण म्हणून दरडीच्या अहवालाचा कच्चा मसुदा सोबत जोडला आहे. पान सातवर 'माणसं तातडीने हलवावीत' यातलं 'तातडीने' खोडून साहेबांनी पेन्सिलीने 'यथावकाश' केलं आहे. अक्षर सुंदर आहे."

टायपिस्ट : खरंच सुंदर आहे हो.

वकील : हा मसुदा कुठून आला?

टायपिस्ट : माझ्या खणातून. मसुदे पाच वर्षं फाडायचे नाहीत, साहेबांचंच परिपत्रक. अहवाल लिहिणारा सर्व्हेवाला बिचारा शपथेवर सांगत होता, मी 'तातडीने'च लिहिलं होतं. तुम्ही त्याला खोटा पाडलात.

वकील : पोलिसांना का नाही दिलात?

टायपिस्ट : त्यांनी विचारलं, टाइप तुम्ही केलंत? म्हटलं, हो. टायपिस्टला पुढे काय विचारणार! आणि मी गप्प बसले. 'यथावकाश' माझ्या बोटांनी उमटलं होतं, भीती वाटायची. मग तुमचा तो थकलेला माणूस ऐकला. तिथेच बाकावर भीती गेली.

वकील : हे मी दाखल करणार नाही.

टायपिस्ट : नका करू. मूळ पत्र आणि मसुदा सकाळीच सरकारी वकिलांना दिला, पोच घेऊन. तुमच्या हातात आहे ती झेरॉक्स.

वकील : हा सरळ सरळ सूड आहे.

टायपिस्ट : हो. मनापासून लिहा म्हणालात.

वकील : भावाला तरी सांगितलं होतंत का?

टायपिस्ट : सांगितलं. म्हणाला, ऑफिसनं यथावकाश म्हटलंय ना, मग तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस?

वकील : बाई, उद्या तुम्हालाही पिंजऱ्यात उभं करतील. शब्द बदललेला डोळ्यांनी दिसला, तरी टाइप केलात. तुमच्या बाजूनं कोण बोलणार?

टायपिस्ट : साहेब बोललेत ना. दर वर्षी, माझ्या गोपनीय अहवालात. 'सांगितलेलं टाइप करते. प्रश्न विचारत नाही.'