एकही उत्तर न देता नापास

हसू नका. लायसन्सच्या परीक्षेत मी नापास झालेय, आणि तेही एकही उत्तर न देता!

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. मी पेडण्याला शाळेत शिकवायचे. आमच्या गावी, धारगळला, बस भरूनच यायची आणि न थांबता जायची, म्हणून स्कूटर शिकायची ठरवली. रस्त्यावरच्या सगळ्या खुणा भाकऱ्या थापता थापता पाठ केल्या.

म्हापशाला परीक्षेला गेले, सोबत नवरा. साहेबाने उलटा लाल त्रिकोण दाखवला. मला नाही, नवऱ्याला! "हें कितें, सांगा."

"साहेब, परीक्षा माझी आहे," मी म्हटलं.

"थांब गो, साहेब मला विचारतायत ना?" नवरा म्हणाला. "पुढे धोका आहे, साहेब."

"चूक," म्हणत साहेबाने मला नापास केलं. अरे, आधी दुसऱ्याला जाऊ द्या, असा त्याचा अर्थ! मी ओरडून सांगितलं, पण ऐकतो कोण?

बाहेर स्कूटरला किक मारत नवरा म्हणतो, "तरी सांगत होतो, नीट अभ्यास कर म्हणून!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तडक बसस्टँडकडे वळले.

"अगो, बस ना मागे!"

"तुम्ही व्हा पुढे," म्हटलं. "त्या त्रिकोणाचा अर्थ तोच आहे."