शिबंदी मागे घेतली की

सासूबाई : जाळलं.

जावई : काय जाळलं?

सासूबाई : तुमच्या खेळातलं ते बंदराचं शहर. म्हणजे विणकरांची आळी तेवढी. गोदीला धगसुद्धा लागली नाही.

जावई : आई, परत? सकाळी मी काय सांगून उठलो होतो? बाहेरून आलेली माणसं सांभाळून राज्य चालवून दाखवा. जाळून नव्हे.

सासूबाई : सांभाळलीच की. दुष्काळातून आली तेव्हा वेस उघडली. कामाला लावली, तटबंदी बांधून घेतली, कालवा खणून घेतला. मग जुने गावकरी कुरकुरायला लागले आणि तुमची ती असंतोषाची लाल पट्टी मारुतीच्या शेपटासारखी वाढत सुटली. तुमचा प्रधान येऊन सांगतो, धान्य वाटा, न्यायाधीश नेमा, कर माफ करा. सगळ्याला खर्च. एकच गोष्ट फुकट होती.

जावई : कोणती?

सासूबाई : शिबंदी मागे घ्यायची. वेशीवरचे शिपाई छावणीत नेऊन बसवायचे आणि आपण नकाशाच्या दुसऱ्या टोकाला बघत राहायचं. रात्रीतून गावकरी आळीत घुसतात. सकाळी पट्टी हिरवीगार. वर रिकामी घरं त्यांनाच मिळाली म्हणून माझ्यावर खूश.

जावई : माणसं किती मेली ते बघितलंत?

सासूबाई : कोपऱ्यात लिहून येतं, बारीक अक्षरात. कोपऱ्यात तुम्हीच ठेवलंय.

जावई : कत्तल आहे ही, आई.

सासूबाई : बटण तुम्ही ठेवलंत, जावईबापू, मी नुसतं दाबलं. सुताचं दुकान चालवलंय मी. स्वस्तात काय पडतं ते मला पहिल्या दिवशी कळतं. तुमच्या खेळणाऱ्या पोरांना आठवडा लागेल, एवढाच फरक.

जावई : आठवडाही लागला नाही. म्हणून तर साहेबांचा फोन. चाचणीला खेळ दिलाय त्यातले निम्मे हेच करतायत. एकानं तर व्हिडिओ टाकलाय, ‘दर पिढीला एक आळी’ म्हणून. संध्याकाळपर्यंत आकडे सुधारून पाठवले नाहीत तर खेळ असाच बाजारात जाणार. आणि स्थलांतराचा भाग माझा आहे, हे सगळ्यांना माहितीय.

सासूबाई : मग सुधारा. चूक कुठाय?

जावई : तेच तर... थांबा. हे बघा. असंतोष म्हणजे शहरातल्या सगळ्यांच्या रागाची सरासरी. आळीतले लोक सगळ्यात चिडलेले. ते मेले की सरासरी उतरते.

सासूबाई : मेलेला माणूस चिडत नाही. वा! शाळेत गणितात पहिले यायचात म्हणे.

जावई : आणि दंगल झाली की गावकऱ्यांचा राग एकदम शून्य होतो. मी धरून चाललो होतो की राग बाहेर पडला की माणूस शांत होतो. कुकरची शिटी होते तसं.

सासूबाई : कुकरला चटक लागत नाही, बापू. माणसाला लागते. पहिल्या खेपेला हात थरथरतात. दुसऱ्या खेपेला येताना पिशव्या घेऊन येतात.

जावई : पिशव्या?

सासूबाई : सामान न्यायला. बरं, त्यातून जे पळाले त्यांचं काय होतं तुमच्याकडे?

जावई : ते डोंगरापलीकडच्या शहरात जातात. तिथं ते ‘नवे रहिवासी’. राग शून्य, भीती शून्य, आठवण... आठवणीला जागाच ठेवलेली नाही मी.

सासूबाई : वेशीतून आत आला की धुऊनपुसून स्वच्छ.

जावई : हिशेब फार वाढतो नाहीतर. प्रत्येक घराण्यामागं—

सासूबाई : मी तुमच्याकडे राहायला आले त्याला वर्ष होत आलं. कशी दिसते तुम्हाला? कोरी?

जावई : तुम्ही कधी बोलला नाहीत त्याबद्दल.

सासूबाई : तुम्ही चहात साखर किती ते विचारलंत. तेवढं सांगितलं.

जावई : मग हे... असलं खेळणं तुम्हाला जमतं कसं?

सासूबाई : बघत होते, करणाऱ्याला काय वाटतं. काही वाटत नाही. नकाशावर एवढंसं दिसतं. खिडकी लावा.

जावई : काय?

सासूबाई : खिडकी लावा ती.

जावई : फटाके असतील. ‘बाहेरचे बाहेर’वाल्यांची सभा आहे ना आज मोठ्या चौकात. पोलीस आहेत तिथं.

सासूबाई : फटाक्यात आधी आवाज, मग आरडाओरडा. इथं माणसं आधी ओरडली. आणि हा पत्र्याचा आवाज आहे. शटरवर पहार मारतायत. सकाळी आपल्या कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी होती, ती आहे का बघा बरं.

जावई : ...नाहीये.

सासूबाई : शिबंदी मागे घेतली.

जावई : हिला फोन लावतो, दवाखान्यातून निघाली असेल कामावरून.

सासूबाई : दवाखान्याचं फाटक बंद होतं अशा वेळी. आज तिथंच थांब म्हणावं, एवढंच सांगा. पडद्याच्या मागं उभे राहा. असे नव्हे, कडेला.

जावई : सांगितलं तिला. आई, ते आपल्या रस्त्यावर आलेत. सायकलवाल्याचं दुकान फोडलं. त्याला बाहेर ओढतायत. त्याच्याच दुकानातली साखळी घेऊन मारतायत त्याला. तोंडावर. आई, तो हात वर करतोय आणि ते हातावर... आता करत नाहीये.

सासूबाई : बघू नका. मोजायला लागाल.

(इंटरकॉम वाजतो.)

लाँड्रीवाला : साहेब, मी. समोरचा लाँड्रीवाला. खालचं दार उघडा.

जावई : कोण कोण आहात?

लाँड्रीवाला : मी आणि घरची. सगळ्यांच्या बेल दाबल्या, साहेब, कुणी उचलत नाही.

जावई : एक मिनिट हं.

लाँड्रीवाला : मिनिट नाहीये, साहेब. सायकलवाल्यापाशी आहेत ते, तोवर—

सासूबाई : दाराचं बटण कुठलं?

जावई : आई, थांबा. काल गच्चीवर बैठक झाली आपल्या इमारतीची. ठरलंय, काही झालं तरी दार कुणी उघडायचं नाही. वर म्हातारी माणसं आहेत, तान्ही पोरं आहेत. एकाला आत घेताना कुणी पाहिलं तर अख्खी इमारत पेटवतील. शिवाय तुम्ही आहात. तुमची बोली ऐकली तर—

सासूबाई : तो खर्च माझ्या नावावर टाकू नका.

जावई : मी फक्त विचार करतोय. दोघांसाठी इतक्या जणांना—

सासूबाई : सरासरी काढताय.

लाँड्रीवाला : साहेब, हिचं डोकं फुटलंय. उभी राहत नाहीये ती.

सासूबाई : ऐका. आमच्याकडे जाळपोळ झाली त्या दिवशी गल्लीत मी तीन दारं वाजवली. ज्यांच्या लग्नात रात्र रात्र राबले त्यांची. दारामागं माणूस उभा असला की कळतं, श्वास ऐकू येतो. तिन्ही दारांमागं होते. चौथं मी वाजवणारच नव्हते. त्या बाईचा आणि माझा नळावरून उभा दावा, तिनं माझी कळशी गटारात फेकलेली, मी तिची. तिनं आपण होऊन दार उघडलं. म्हणाली, “चपला आत घे, गधडे, बाहेर दिसतायत.” समोर बोळात तुमच्या सासऱ्यांवर रॉकेल ओतत होते तेव्हा मी तिच्या पिंपामागं बसले होते, चपला छातीशी धरून. ते दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा आवाज त्यांचा नव्हता. त्या बाईलाही पोरंबाळं होती. हिशेब तिनंही केला असेल. पण दार उघडून मग केला.

जावई : ...आई, हे तुम्ही—

सासूबाई : उघड.

जावई : उघडलं. या, पळत या, दुसरा मजला! आत आलात की दार मागं ओढून घ्या!

सासूबाई : चपला!

जावई : चपला हातात घ्या! पायरीवर काही ठेवू नका!

सासूबाई : दार लाव, कडी घाल. तिला इथं निजव, जमिनीवरच. टॉवेल दे. दाबून धर, असा. बाई, माझ्याकडे बघ. नाव काय तुझ्या आईचं? सांग मला. हां, बोलत राहा. आणि तुझा हात रे?

लाँड्रीवाला : माझीच इस्त्री घेतली त्यांनी. तापलेली होती. हिच्या तोंडावर आणत होते, मी हात मध्ये घातला.

सासूबाई : कातडं सुटलंय. नळाखाली धर. ओरडायचं नाही. हे फडकं चाव.

जावई : आई. परत वाजतोय. इंटरकॉम.

सासूबाई : उचल. नाही उचललास तर वर येऊन विचारतील. मी बोलले तर पहिल्या शब्दाला ओळखतील. तूच बोल.

जावई : हॅलो.

जिमवाला : साहेब, नमस्कार. मी जिमवाला, ओळखलंत ना? तुमच्या इमारतीत आत्ता कोणी शिरलं का?

जावई : नाही. का?

जिमवाला : लाँड्रीवाला इकडंच पळाला. पायरीवर रक्त आहे, साहेब.

जावई : बेल वाजवत होता. सगळ्यांच्याच वाजवल्या त्यानं. कुणी उघडलं नाही. ठरलंय आमचं, कालच बैठक झाली. कुणाही घरी विचारा.

जिमवाला : मग गेला कुठं?

जावई : मागच्या बोळात. बायकोला ओढत नेत होता.

जिमवाला : नक्की? तुमचा आवाज असा का येतोय?

जावई : घाबरलोय म्हणून. तुमच्या हातातली पहार दिसतेय मला वरून.

जिमवाला : अहो, तुम्ही आपले. तुम्हाला काय भ्यायचं? उद्यापासून दुसरी लाँड्री शोधा, एवढाच काय तो त्रास. बोळात बघा रे!

जावई : ...गेले. चौघं बोळात गेले. बाकीचे दुकानात शिरलेत. हँगरसकट कपडे बाहेर काढतायत. एकाच्या हातात खरंच पिशवी आहे, आई.

सासूबाई : हं.

जावई : पेटवलं.

लाँड्रीवाला : साहेब, काचेपासून लांब व्हा. आत वाफेची टाकी आहे. भरलेली.

जावई : पण त्यांच्यातली दोन-तीन पोरं अजून आतच—

लाँड्रीवाला : लांब व्हा म्हणतो ना!

(समोर स्फोट होतो.)

सासूबाई : टाकी फुटली. आपलीही काच गेली. कुणाला लागलं? नाही ना? चालताना बघून पाय टाका.

जावई : त्यातला एक रस्त्यावर आलाय. पेटलाय. कुणी जवळ जात नाहीये त्याच्या. सगळे पळाले, त्याला सोडून. जिमवाला पण पळाला.

लाँड्रीवाला : कोण आहे? लाल शर्टातला? तो रोज यायचा माझ्याकडं. कडक इस्त्री लागायची त्याला.

सासूबाई : बस तू. हात पाण्यातून काढू नकोस.

जावई : शांत झालं, आई. पोलिसांची गाडी आली बघा कोपऱ्यावर.

सासूबाई : आता येणारच. दवाखान्यातून गाडी मागवलीत ना मघाशी? लेकीला विचारा, पाठवलीय का.

जावई : निघालीय. चौकात अडवलीय, सोडतील म्हणतात. टाके पडतील, पण बोलतेय म्हणजे ठीक आहे, म्हणाली. हातावर काही लावू नका, नुसतं पाणी.

सासूबाई : तुमचा खेळ चालूच राहिलाय तिकडे.

जावई : थांबवायलाच विसरलो. ...पिढी उलटली की. बंदराच्या शहरात असंतोष शून्य. प्रधान अभिनंदन करतोय तुमचं.

सासूबाई : पुसा ते आधी.

जावई : पुसलं. थोडा वेळ द्या मला, आई. गाडी येईपर्यंत.

सासूबाई : करा, करा. आम्ही इथंच आहोत. बाई, झोपायचं नाही हं. मला सांग, धोतराला खळ किती घालायची? ...एवढी? उगाच नाही लोकांच्या मांड्या सोलवटत.

जावई : आई, बघा. वेशीतून आत येणारा आता मागचं सगळं बरोबर घेऊन येतो. त्याची भीती मुलाबाळांपर्यंत उतरते. आणि जाळणाऱ्यांना चटक. ती दर खेपेला वाढते, उतरत नाही.

सासूबाई : चालवून बघितलंत?

जावई : दोनदा. एकदा शिबंदी मागे घेतली की राज्य टिकत नाही. आधी आळी जळते, मग बाजार, मग गावकरी एकमेकांच्या घरात शिरतात. शेवटी वाडा. साहेब म्हणतील, फार अवघड करून ठेवलंस.

सासूबाई : आणि शिबंदी काढलीच नाही तर?

जावई : टिकतं. धान्य, न्यायाधीश, वेशीवर कायम पहारा. पट्टी हिरवी होत नाही कधी, पिवळीच राहते. खर्च मात्र फार.

सासूबाई : मग पाठवा, बापू. अवघडच आहे ते.

जावई : पाठवलं.

लाँड्रीवाला : साहेब...

जावई : काय रे? दुखतंय? आली गाडी, आली.

लाँड्रीवाला : नाही. तुमचे दोन शर्ट होते दुकानात. निळ्याच्या तेवढ्या एका बाहीला इस्त्री करायची राहिली होती.