शेरूने बॅग तपासली

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीची अक्कल ऐका. पोलिसातल्या म्हात्रेदादांनी श्वानपथकातून रिटायर झालेल्या त्यांच्या शेरूला घरी आणलं. आम्ही त्याला हार घातला, पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी वॉचमनला काढून टाकलं.

आठवड्याभरात सेक्रेटरींचा लॅपटॉप गेला. सीसीटीव्हीत बघतो तर चोर बॅग घेऊन गेटवर आलाय, शेरूने ती बॅग चारी बाजूंनी नीट हुंगली आणि शेपूट हलवत त्याला वाट करून दिली.

सेक्रेटरी तणतणत दादांकडे गेले. "कसला हो तुमचा पोलिसी कुत्रा?"

दादा शांतपणे म्हणाले, "साहेब, तो बॉम्ब शोधायचा. बॅगेत बॉम्ब होता का? नाय ना? उभ्या नोकरीत एकदा चुकला नाय तो."