जुन्या दांड्यावरचा कंदील

ऐका. आधी तो मोबाईलचा उजेड बंद करा मेल्यांनो, डोळ्यांत खुपतो माझ्या. हां. आता बसा नीट, आणि मध्ये मध्ये तोंड घालायचं नाही.

धाकू मयेकर निघाला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. कुठून निघाला? खाडीपल्याडहून. तिथे होड्या बांधायच्या कामावर होता तो, सुतार माणूस. संध्याकाळी बेटावरून शेजारचा सोनू धापा टाकत आला. म्हणाला, "धाक्या, ऊठ. तुझ्या आईचं काही खरं नाही. सारखं तुझंच नाव घेतेय."

हातातला लाकूड तासायचा वाकस तिथेच टाकला धाकूने. सोनू म्हणाला, "थांब, दोन घास खातो, मग दोघं जाऊ." पण धाकू कसला थांबतोय! एकुलता एक पोरगा. बाप तो रांगत असतानाच गेलेला. आईने डोक्यावर मासळीची पाटी वाहून वाढवलेला. तिने डोळे मिटायच्या आत तिला तोंड दाखवायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात. निघाला तसाच, अनवाणी.

आता तुम्हाला वाटतं बेट म्हणजे आजचं बेट. पूल झाला, फटफटी घेऊन थेट देवळापर्यंत येता. तेव्हा पूल कुठला! पालथ्या घातलेल्या कढईसारखं हे बेट, पश्चिमेला दर्या, पूर्वेला खाडी. ओहोटी लागली की खाडीत रेतीचा दांडा उघडा पडायचा, त्यावरून चालत यायचं. भरती आली की दांडा बुडाला, मग बसा सकाळपर्यंत. आणि दांडे दोन, बरं का! नवा उत्तरेला. जुना दक्षिणेला, आणि त्याच्या टोकाला जुनी पेठ. काय पेठ होती! मिठागरं होती, धक्क्याला मालाचे मचवे लागायचे, कौलं उतरायची, जकातीचा नाका होता. हसतोस काय रे? तुझ्या पणज्याचं तिथे किराण्याचं दुकान होतं! एका वादळात खाडीने तोंड फिरवलं. एका रात्रीत. दांडा मधोमध तुटला, तिथे डोह झाला, पेठ पाण्यात गेली. वाचली ती माणसं वर सड्याला येऊन राहिली, जिथे आज आपण बसलोय. धाकूचा जन्म त्यानंतरचा. त्याने पेठ पाहिली नव्हती, आईच्या तोंडून ऐकली होती फक्त.

तर धाकू किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला चालला होता, नव्या दांड्याकडे. जुन्याचं तोंड वाटेतच लागायचं. आणि धुकं आलं. असं धुकं, की स्वतःचा हात दिसेना. किती चाललो, कुठे आलो, काही कळेना. तेवढ्यात समोर, पाण्याच्या बाजूला, कंदील दिसला.

आता तुम्ही म्हणाल, कंदील दिसला तर थांबायचं, विचार करायचा. अरे, बेटकर आणि कंदील बघून विचार करेल? आपल्याकडे रीत होती. रोज रात्री एका घराची बारी. त्या घरातल्या माणसाने दांड्याच्या तोंडाशी कंदील घेऊन उभं राहायचं, बाहेर गेलेलं शेवटचं माणूस परत येईपर्यंत हलायचं नाही. पाऊस असो, थंडी असो. पल्याडची माणसं वाट बघून चालतात. आपण कंदील बघून चालतो. धाकूला वाटलं, आलाच नवा दांडा. देवा, पावलास! आणि उतरला की तो खाली.

रेती लागली पायाला. बरं वाटलं. कंदील पुढे, हा मागे. हा भरभर चालला की कंदील तेवढाच लांब. हा थांबला की कंदीलही थांबे. वारा सुटला होता, पण ज्योत काही हलत नव्हती. धाकूने तिकडे लक्षच दिलं नाही. लक्ष सगळं आईकडे.

मग बाईचा आवाज आला. "सांभाळून रे, डावीकडे गाळ आहे." गोड आवाज, मायेचा. "मयेकरांचा ना तू?"

"होय गो. कोण तू?"

"मी ताना. चल बाबा लवकर, आई जागी आहे तुझी."

पाय उलटे होते का? अरे मेल्या, पाय दिसायला तर हवेत! एव्हाना गुडघ्याएवढं पाणी झालं होतं. धाकू म्हणाला, "काकी, पाणी चढतंय." ती म्हणाली, "चढायचंच. आता पेठ आलीच बघ."

पेठ! पेठ तर कधीच बुडालेली! आणि समोर, खरंच सांगतो, धुकं फाटल्यासारखं झालं नि पेठ दिसली. दुकानांत दिवे. मिठाच्या गोण्या. सुक्या बांगड्यांचा वास. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. बंदराच्या पायरीवर एक तरुण बाई उभी, पदर खोचलेला, डोक्यावर पाटी. हाक मारत होती, "धाकू, ये रे बाळा!" आई! त्याची आई! त्याला आठवत होती त्याहून तरणी, पण तीच. गेला हो तो पुढे! कमरेएवढं पाणी, तरी गेला. रडत रडत गेला.

आणि पुढे ताना काकी डोहात उतरली. अशी सरळ चालत. छाती बुडाली, डोकं बुडालं, हातातला कंदील बुडाला. आणि ऐका! कंदील पाण्याखाली तसाच जळत राहिला.

तेव्हा धाकू भानावर आला. पाण्याची ओढ लागली होती, पायाखालची रेती सरकत होती, पाणी छातीला आलं होतं. सुटायला जावं तर ओढ आत खेचे. कुणी दुसरा असता तर देवाचं नाव घेतलं असतं, शिव्या घातल्या असत्या. धाकू ओरडला, "काकी! मला आईकडे जायचंय! इथून वाट नाही गो! मी बुडेन!"

कंदील थांबला.

हळूहळू वर आला. तिने तो उंच धरला, त्याच्याकडे बघितलं. छातीएवढ्या पाण्यात थरथरणारा पोरगा तिला जणू आत्ता दिसला. अशी घाबरली ती! "अगो बाई! पाणी कुठून आलं हे? माझ्या बारीला आजवर कुणी बुडालं नाही रे!" लगेच म्हणाली, "मागे फीर. माझ्याकडे बघू नकोस. मी पाठीमागून उजेड धरते. तुझी सावली पडेल तिथे पाय टाक."

धाकू फिरला. दिवे विझले, पेठ गेली. नुसतं काळं पाणी आणि पुढे त्याची सावली. सावलीत पाय टाकला की खाली घट्ट रेती. एकदा घसरला, तोंडात खारं पाणी गेलं, तेव्हा मागून आवाज आला, "ऊठ, ऊठ बाबा, आई वाट बघतेय." कोरड्या जमिनीवर पोचल्यावर तो म्हणाला, "काकी, तू पण चल गो वर."

"मी कशी येऊ? माझा गणू यायचाय अजून."

तो तसाच पळत नव्या दांड्यावर गेला, चढत्या पाण्यातून कसाबसा बेटाला लागला. आई होती. होती हो, जीव धरून होती! त्याने मांडीवर डोकं घेतलं, चमच्याने पाणी पाजलं. तिने विचारलं, "भिजलास कसा?" त्याने सगळं सांगितलं. म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणाली, "ती वादळाची रात्र. तानाची बारी होती. तिचा गणू पल्याड गेलेला. पण तो दांड्याने आलाच नाही रे, मचव्यातून पश्चिमेच्या पुळणीवर, दर्याकडच्या वाळूत उतरला. सुखरूप घरी आला, आमच्याच चुलीपाशी अंग शेकत बसला. ज्याला त्याला वाटलं, तानाला दुसरं कुणीतरी सांगायला गेलं असेल. कुणीच गेलं नव्हतं. ती शोधत शोधत दांड्यावर पुढे गेली, आणि दांडा तुटला."

एवढं बोलली, आणि पहाटे गेली म्हातारी. लेकाच्या मांडीवर गेली.

म्हणून सांगतो, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. तिसऱ्या, शिंपल्या काढायला म्हणून रात्रीचे जाता ना तिकडे? जुन्या दांड्यावर पाय टाकायचा नाही. ती वाईट नाही रे. ती तुम्हाला मायेने घरी नेईल, पण तिच्या वेळचं घर पाण्याखाली आहे. दर वेळी तिला वेळेवर कळेलच, असं नाही. कंदील दिसला की मागे फिरा. पण मुकाट्याने फिरू नका. काठावर उभे राहा आणि मोठ्याने ओरडा, "ताना काकी, गणू घरी पोचला! तू जा आता!" धाकू मरेपर्यंत काठावर जाऊन ओरडायचा. दर्याचा वारा उलटा येतो, तिला ऐकू जात नाही. तरी ओरडा.