खोली नंबर चारमधली पेटी

खारू: शिपाईकाका परत का येत नाहीत?

आई: येतील. फोन लागत नाहीये म्हणून ठाण्यावर गेलेत. हळू बोल.

खारू: आणि तुझ्याबरोबर काम करणारे ते दोघे काका? ते तर शाळेच्या मागच्या फाटकातून पळाले. मी बघितलं.

आई: त्यांच्या घरी लहान मुलं आहेत.

खारू: तुला पण आहे की.

आई: हो ग. म्हणूनच. तुला घेऊन त्या गर्दीतून कुठे जाणार होते मी? चल, हा बाक ढकलू लाग. अजून थोडा. दाराला टेकव.

खारू: दाराला कडी आहे. बाहेर जाळीचं दार आहे, त्याला कुलूप आहे, किल्ली तुझ्याकडे आहे. मग बाक कशाला?

आई: असू दे.

खारू: आई, तू परत कडी बघतेयस.

आई: नीट लागलीय ना ते बघते.

खारू: तिसऱ्यांदा?

आई: खारू, फळ्याखाली बस. खिडकीतून डोकावू नकोस.

खारू: फाटकातले लोक काय ओरडतायत? "पेटी बाहेर फेका." म्हणजे आपली मतांची पेटी?

आई: ही आपली नाही. सातशे बारा लोकांची आहे.

खारू: पण त्यांना कशाला हवी?

आई: या भागातून त्यांचा माणूस पडणार, असं त्यांना कळलंय. पेटीच जळाली तर मोजणार काय?

खारू: मग देऊन टाक ना. तू काय पोलीस आहेस? तू तर ऑफिसात बसून नळाच्या तक्रारी लिहून घेतेस.

आई: आजच्या दिवस मी मतदान अधिकारी आहे. पेटी गाडीत चढली की माझं काम संपलं. त्याआधी नाही.

खारू: मला घरी जायचंय.

आई: मलाही. रडू नकोस. ये इकडे, मांडीवर डोकं ठेव. ही पेटी कुठून आली ते सांगू?

खारू: ऑफिसातून.

आई: त्याच्या आधी. क्रांती झाली होती ना आपल्याकडे, ती. शाळेत नाही शिकवली?

खारू: बाई म्हणाल्या, हा धडा घरी वाचा.

आई: आणि तू वाचलास!

खारू: चित्रं बघितली.

आई: मग ऐक. माझ्या आजोबांनी मला आणि तुझ्या मामाला सांगितलेली गोष्ट आहे. एक राजा होता.

खारू: खरा?

आई: अगदी खरा. त्याच्या राज्यात माणसं उचलून न्यायचे. का नेलं, कुठे नेलं, विचारायची सोय नाही. विचारणाराही दुसऱ्या दिवशी गायब. तर एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नवऱ्याला नेलं. सकाळी ती उठली आणि राजवाड्याच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. नुसती उभी. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी आणखी दोघी. आठवड्याभरात अख्खा रस्ता भरला.

खारू: त्यांना भीती नाही वाटली?

आई: वाटली तर. एकमेकींचे हात इतके घट्ट धरले होते म्हणे, की बोटं पांढरी पडली.

खारू: आई, काहीतरी फुटलं.

आई: फाटकावरचा दिवा असेल. माझ्याकडे बघ. तर मग... मग राजा पळाला. भाजीच्या गाडीत लपून. वरून कोबी, खाली राजा.

खारू: कोबी? खोटं!

आई: आजोबांची शपथ.

खारू: मग लोकांचं राज्य आलं.

आई: लगेच कुठलं यायला! सेनापती म्हणाला, सगळं शांत होईपर्यंत मी बसतो खुर्चीवर. बसला तो अकरा वर्षं उठेचना. पुन्हा लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठे ठरलं की राज्य कोणी चालवायचं ते लोकच सांगतील. पण लोक म्हणजे कोण? तर ज्यांच्या मालकीचं घर आहे असे पुरुष. तेवढेच. चौकात जमायचं आणि हात वर करायचा. पुढे कामगारांनी भांडून तो हक्क मिळवला. पण हात सगळ्यांसमोरच वर करायचा. आणि कारखान्याचा मालक समोर खुर्ची टाकून बसलेला, कोणाचा हात कधी वर जातो ते बघत.

खारू: मग काय होणार! त्याच्यासमोर कोण नाही म्हणेल?

आई: बरोबर. म्हणून पेटी आली. पडद्याआड जा, शिक्का मार, घडी घाल, फटीतून आत टाक. चिठ्ठीवर नाव नाही, गाव नाही. धीट माणूस काय, चौकातही हात वर करतो. ही पेटी घाबरणाऱ्यांसाठी केली, खारू.

खारू: म्हणजे आपल्यासाठी.

आई: हो. आपल्यासाठी.

खारू: आणि बायका? त्या तर सगळ्यात आधी उभ्या होत्या.

आई: त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. माझी आजी पहिल्यांदा मत द्यायला गेली, तर कारकून म्हणाला, यादीत नाव सापडत नाही, घरी जा. ती तिथेच पायरीवर बसली. संध्याकाळी नाव बरोबर सापडलं.

खारू: श्शू! आई, दाराबाहेर कोणीतरी आलंय.

मामा: आत कोण आहे? दारापासून लांब व्हा. जाळी कापायची आहे.

खारू: आई! मामाचा आवाज आहे हा. मामा!

मामा: कोण? खारू? अरे देवा. ताई, तू आहेस आत?

आई: मी आहे. तू यांच्यात काय करतोयस?

मामा: यांच्यात नाहीये मी! वेल्डिंगच्या दुकानातून उचलून आणलंय. म्हणाले, शाळेचं दार अडकलंय, कापून दे. सिलिंडरची गाडी ढकलत फाटकात आलो तेव्हा कळलं. ताई, तू या शाळेत कशी?

आई: ड्युटी कुठे ते कालच कळलं. किती जण आहेत?

मामा: तीसेक. काठ्या आहेत, पेट्रोलचे डबे आहेत. मला दहा मिनिटं दिलीत. ऐक, दार उघड, पेटी माझ्या हातात दे. मी तुम्हा दोघींना माझ्या आडून बाहेर काढतो. एवढं ऐकतील ते माझं.

आई: पेटी नाही देणार.

मामा: ताई, डोकं ठिकाणावर आहे का? पोर आहे तुझ्याजवळ!

आई: माहीत आहे. तिच्यासाठीच तर भीती वाटतेय मला. पण सातशे बारा लोक माझ्यासमोर येऊन गेलेत. एक आजोबा दोन काठ्या टेकत आले होते. त्यांना काय सांगू?

मामा: सांग की जीव वाचवला! कोण काय बोलणार आहे तुला?

खारू: मामा, तुला कोबीच्या गाडीची गोष्ट माहीत आहे?

मामा: काय? ताई, तू आत्ता तिला ती गोष्ट सांगत बसलीयस?

आई: मग काय करू? ती रडत होती.

मामा: आणि गोळीबार सांगितलास? आजोबा कधी गाळायचे नाहीत तो. फाटकासमोर एकेचाळीस बायका मेल्या, खारू. ती शिवणकामवाली सगळ्यात आधी.

खारू: आई?

आई: हो. मेल्या. मी गाळलं ते.

खारू: का गाळलंस?

आई: तू नऊ वर्षांची आहेस आणि ते लोक फाटकात उभे आहेत, म्हणून.

मामा: हेच सांगतोय मी. राजे पळतात ते नंतर, आधी माणसं मरतात. मी गोष्टीतला माणूस नाही, ताई. मला इथून पळून जावंसं वाटतंय.

आई: मलाही. मी तुला दोष देत नाही रे. तुला कापायचं तर काप. पण उघडणार नाही मी.

खारू: मामा, तू काय ठोकून बघतोयस?

मामा: थांब जरा. ताई, या जाळीच्या दाराची चौकट लोखंडी आहे?

आई: असेल. लोखंडीच आहे. का?

मामा: काही नाही. खारूला मागे घे आणि तिचे डोळे झाक. ए, मागे व्हा रे सगळे! पार फाटकापर्यंत! सिलिंडर आहे, उडाला तर एकही वाचणार नाही! आणि ज्योतीकडे बघू नका, आंधळे व्हाल!

खारू: आई, दाराखालून उजेड येतोय. निळा.

आई: बघू नकोस. माझ्या कुशीत तोंड घाल.

खारू: मामा कापतोय?

आई: हो.

खारू: खरंच कापतोय? आपला मामा?

आई: त्यालाही भीती वाटते ग. त्याच्यावर रागावू नकोस.

मामा: ताई. दाराजवळ ये. मोठ्याने बोलू नकोस. मी कापत नाहीये.

आई: मग?

मामा: जोडतोय. दार चौकटीला जोडतोय. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, आग आणि ठिणग्या. वर झालं, मध्ये झालं, आता खालचं राहिलंय. कुलूप फोडलं तरी दार हलायचं नाही.

आई: अरे, त्यांना कळलं तर तुला...

मामा: ते नको बोलूस आत्ता, जोड चुकेल. ऐक. खिडकीतून पेटतं काही आत टाकतील. पेटी घेऊन लांबच्या कोपऱ्यात जा. पाणी आहे?

आई: पिंपभर आहे.

मामा: खारूची ओढणी, तुझी ओढणी, सगळं भिजवून ठेव. झालं माझं. आता त्यांना सांगतो, गॅस संपला, दुसरा सिलिंडर आणतो. आणि तसाच ठाण्यावर जातो.

आई: जपून जा.

मामा: खारू, आईचा हात सोडू नकोस हं.

खारू: नाही सोडत. आई, गेला तो? काय बोलतायत ते त्याच्याशी? आवाज वाढलाय.

आई: कोपऱ्यात चल. लवकर.

खारू: ते आले दाराशी. आई, ते ढकलतायत!

आई: हलत नाहीये. बघ, जराही हलत नाहीये.

खारू: मामा ओरडला. आई, तो मामा ओरडला! मारतायत त्याला!

आई: कान झाक. माझ्या मांडीत डोकं खुपस आणि कान झाक.

(खिडकीची काच फुटते, पाणी ओतल्याचा आवाज येतो. मग बराच वेळ आरडाओरडा, धावपळ. त्यानंतर गाडीचा हॉर्न आणि शिट्ट्या.)

मामा: ताई. आतलं दार उघड. गेले सगळे.

आई: तूच आहेस ना? एकटा आहेस? कोणी उभं करून बोलायला लावत नाहीये ना तुला?

मामा: नाही ग. तुमचे शिपाईकाका आहेत, त्यांनीच आणली दोन गाड्या पोलीस. मी फाटकापलीकडे पोचलोच नव्हतो. उघड.

आई: खारू, बाक ओढ माझ्याबरोबर. हं... अरे, तुझं डोकं! केवढं रक्त!

मामा: दिसतंय तेवढं लागलं नाही. तुम्हाला भाजलं का कुठे?

आई: एक बाक जळाला. आम्ही ठीक आहोत. पेटीही.

खारू: मामा, तू रडतोयस?

मामा: धूर गेलाय डोळ्यांत. जाळीतून बोट दे तुझं. हं. साहेब म्हणत होते, दार कापायला माणूस बोलावतो. म्हटलं, कशाला, ज्याने जोडलंय तोच कापेल. फक्त जरा बसू दे मला.

आई: बस. भिंतीला टेक. अरे, तुला एक विचारायचं होतं. आज यादीत तुझ्या नावापुढे खूण नव्हती. मी तीनदा पाहिलं.

मामा: आलोच नाही. सकाळी दुकानात गिऱ्हाईक होतं. मग म्हटलं, एका मताने काय होतंय.

आई: मला वाटलं, बरं नाही की काय तुला.

मामा: ताई, आता दे ना एक चिठ्ठी. इथूनच, जाळीतून. तो शिक्का दे आणि तोंड फिरव पलीकडे.

आई: नाही रे. मतदान पाच वाजता संपलं.

मामा: माझं एकट्याचं तर आहे.

आई: नाही.

मामा: बरं. पाणी तरी उरलंय का आत थोडं?